तिसरी पायरी

रवि. ११ नोव्हेंबर १९५६, चिंचवड

आईला गावाहून आणून आज आठ दिवस. पायाची सूज उतरत नाही. बोटाने दाबले की खळगा पडतो, तो भरायला घड्याळाने सव्वा मिनिट लागते. डॉक्टरांना हे सांगितले तर म्हणाले, "मोजत कशाला बसता?" मोजले नाही तर सूज चढली की उतरली हे कळायचे कसे, ते त्यांनी सांगितले नाही. पडवीत येऊन हळू आवाजात म्हणाले, हृदय थकले आहे, हिवाळा निघाला तर निघाला.

आईचे एकच चालले आहे. "नारू, येकदा पायरीवर न्हे मला. कमळीला दाव. मग माझं काय बी होऊ दे."

हो म्हटले. येत्या पंधरवड्यात.

बुध. १४ नोव्हें.

पहिली पाळी. घरी आलो तर आई कमळीला पायरीची हकिकत सांगत होती. कमळी चौदाची झाली, तिला आजवर कोणी सांगितली नव्हती. मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकली आहे की आई एखादा शब्द गाळते तोही कळतो. आज काही गाळले नाही.

"आदिस्वामी भामेच्या काठाला आले तवा तिथं काय न्हवतं. नुसतं बाभळीचं बन. झोपडी बांधली आन सगळ्या जातीची मानसं पयल्यांदा येका पंगतीला बशिवली. कुनी याया तयार न्हवतं. पयला पाटावर बसला त्यो आपला रामा सुतार. म्हून त्याचं नाव मठाच्या तिसऱ्या पायरीवर. समदी दुनिया पाय दिऊन जाती. आपुन न्हाई. आपुन वलांडायची. सून आली की आदी पायरी, मंग घर."

"आजी, आणि चौथी पायरी कोणाची?"

"आसंल कुनाची. तिला दे खुशाल पाय."

मग नेहमीचे शेवटचे. वडील गेले तेव्हा आई सव्वीसची. मी सहा, दत्तू पोटात. भावकीने वाटणीचे घर दिले नाही. गावाने देवळामागची खोली दिली. "का दिली? पायरीवाल्याची सून म्हून दिली."

तेवढ्यावर तिने चाळीस वर्षे काढली.

रवि. १८ नोव्हें.

मठाच्या बुवांचे कार्ड आले. पुढच्या रविवारी या, दप्तर काढून ठेवतो, तुमच्या पूर्वजाचा कागद असल्यास अवश्य पाहा.

तीन वर्षे ज्याची वाट पाहिली ते हे. चौथीनंतर शाळा सुटली, बाकी सगळे मी मला शिकवले. इंग्रजी नकाशे वाचतो. मोडी शिकलो ते एका जुन्या पुस्तकावरून आणि रद्दीत मिळालेल्या खरेदीखतांवरून. कारखान्यात ओतकामाचे लाकडी नमुने करतो त्या पॅटर्नशॉपमध्ये डिप्लोमावाले तिघे आहेत, मोडी एकालाही येत नाही. कागदाची नक्कल करून, सागवानी चौकट करून भिंतीला लावायची. चौकटीचे लाकूड तासून ठेवले आहे.

धाकटा दत्तू देहूरोडहून आला होता, तिथे डेपोत कामाला आहे. कार्ड पाहून म्हणाला, "दादा, पायरीवाले म्हणून सरकारी पेन्शन बसतंय का तेवढं बघ." आई खळखळून हसली.

शनि. २४ नोव्हें.

तयारी: पितळी पट्टी, भिंग, ट्रेसिंग कागद दोन ताव (ड्रॉइंग ऑफिसातून विचारून घेतले), शिसपेन्सिली कठीण टोकाच्या. सौ.ने दशम्या केल्या. पिंपरीच्या कॅम्पातून आईसाठी संत्री आणली. आईने ठेवणीतले हिरवे लुगडे काढले, घडीवर उसवले होते, कमळीने शिवून दिले.

रवि. २५ नोव्हें. (सोमवारी सकाळी लिहिले)

क्रमाने लिहितो.

स. ६.१० ची गाडी, तळेगाव. तिथून एस.टी.ने चाकण. पुढे पाच मैल बैलगाडी. दत्तूने कडबा अंथरून वर गोधडी टाकली, त्यावर आई. वाटभर बोलत होती. ही विहीर अमक्याची, ह्या वळणावर लग्नाच्या वऱ्हाडाची गाडी कलंडली, सगळे चिखलात आणि नवरी तेवढी गाडीत बसून. सौ.ने मला खुणेने दाखवले, बघा, पाय दुखायचे विसरल्या.

मठ लहान आहे. स्वामींची झोपडी होती त्या जागी दगडी जोते, वर पादुका, मागे समाधी. पायऱ्या सात. तिसरीची लांबी ४ फूट २ इंच ३ सूत, रुंदी ११ इंच, मधोमध ५ सूत झिजलेली. डाव्या कडेला 'रामा सुतार' एवढीच अक्षरे. डोळ्यांना दिसत नाहीत, बोटाला लागतात.

दत्तूने आईला उचलून दोन पायऱ्या चढवल्या. तिसरीशी म्हणाली, "सोड. मी वलांडते." दोन बाजूंनी आम्ही धरले. लुगडे आवरून तिने सुजलेला पाय उचलला आणि चौथीवर टेकला. दम लागला, पण वर पोचून हसली. सौ. आणि कमळी मागून ओलांडून आल्या. कमळीने आधी पायरीला हळदकुंकू वाहिले, आईने शिकवले तसे.

आत पादुकांशेजारी चवरी. कमळीने विचारले, हे काय. बुवा म्हणाले, स्वामींवर वारा ढाळायची. केस नवे आहेत, दांडा तेवढा जुना. दांडा हातात घेऊन पाहिला. शिसवी, खरादावर फिरवून काढलेला, चौदा वळ्या, एकही दुसरीपेक्षा जाड नाही. काम करणारा जाणता होता.

मग दप्तर. तांबडे फडके, आत सुट्या कागदांची चळत. पाऊण तास लागला. मलाच सापडले. 'रामा सुतार' ही अक्षरे ओळखली आणि भिंग धरले.

मी आधी मनात वाचायला हवे होते. कारखान्यात नकाशा शेवटपर्यंत वाचल्याशिवाय करवतीला हात लावत नाही. इथे सगळे भोवती बसले होते. आई खांबाला टेकून, सौ., कमळी, दत्तू, बुवा, गाडीवान, गावातल्या दोन बायका. मला ऐकवायचे होते. मोडीत शब्द तोडलेले नसतात, म्हणून बोट ठेवून एकेक अक्षर मोठ्याने म्हणत गेलो.

"रामा सुतार यासी चोरीबद्दल पायरीस नाव दिल्हे."

अर्थ वाचून झाल्यावर लागला.

बुवा म्हणाले, "नीट बघा मिस्तरी. जुना कागद आहे, एखादे अक्षर चुकत असेल."

ते मला वाट काढून देत होते. आता कळते. तेव्हा मी काय म्हणालो ते जसेच्या तसे लिहितो. म्हणालो, "बुवा, मी तीन वर्षे मोडी वाचतो आहे. ओकार स्वच्छ आहे. चोरीच."

हे मला कोणी बोलायला लावले नव्हते.

आईने खांबाचा टेका सोडला. मग म्हणाली, "चोरी केली म्हून नाव पायरीला? लोकांनी तुडवावं म्हून?"

गावातल्या बायका उठून गेल्या. त्या अवस्थेतही मी ओळ ट्रेसिंग कागदावर उतरवून घेतली. दत्तू माझ्याकडे बघत उभा होता.

उतरताना तो तिला उचलायला वाकला. "नगं," म्हणाली. चौथीवरून तिने तिसरीवर पाय ठेवला. मग दुसरा. दोन्ही पाय ठेवून, माझा खांदा धरून, उभी राहिली. कमळीने वाहिलेले कुंकू टाचेखाली आले.

"आता काय वलांडायचं. दुनिया बरूबर करत हुती."

परतताना विहीर आली, वळण आले. तिने काही दाखवले नाही.

मंगळ. २७ नोव्हें.

आज पंपाच्या कवचाचा पॅटर्न फुकट गेला. ओतलेले लोखंड थंड होताना आकसते तेवढे माप लाकडात वाढवून धरायचे असते, ते धरलेच नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा. फोरमन काही बोलला नाही. बोलला असता तर बरे वाटले असते.

गुरु. २९ नोव्हें.

आई दोन घास खाते. सौ.शी बोलते, माझ्याशी लागेल तेवढेच. आज सौ.ला म्हणाली, "पाटलीन मला हसून पायरीवाली म्हनायची. मला वाटायचं, मान देती."

देवळामागची खोली गावाने का दिली, तेही ती आता नव्याने जुळवते आहे. चोराच्या घरची म्हणून नजरेसमोर ठेवली असेल, म्हणते. एकेक दिवस काढून उलटा करून ठेवते आहे.

सौ. मला म्हणाली, "अहो, मोठ्यानं वाचायचं काय अडलं होतं?"

मी म्हटले, जे लिहिले होते तेच वाचले.

"असंल. पण तुम्हाला कोणी विचारलं होतं?"

रवि. २ डिसेंबर

दत्तू आला. आईजवळ तासभर बसला, जाताना मला दारात गाठले. "दादा, तू रीतसर शाळेत गेला असतास तर बरं झालं असतं. कुठं गप बसायचं ते मास्तरनं छडीनं शिकवलं असतं."

त्याला तीन इयत्ता मीच शिकवल्या होत्या.

सागवानी चौकट माळ्यावर टाकली.

बुध. ५ डिसें.

दुसरी पाळी, सकाळ मोकळी. ट्रेसिंग काढले. दहा दिवस त्याच्याकडे पाहिले नव्हते.

मोडीत आधी आडवी रेघ ओढून घेतात, मग अक्षरे त्या रेघेला टांगतात. मात्रा रेघेच्या वर. 'चो'ला एक मात्रा. 'चौ'ला दोन. आणि त्या एका मात्रेच्या अंगाला, रेघेच्या वर, मी बारीक वर्तुळ काढून ठेवलेले आहे. शेजारी माझ्याच अक्षरात: भोक, १ सूत.

किडीचे भोक, इंचाचा आठवा हिस्सा. मी ते पाहिले. मापले. लिहिले. आणि विचार केला नाही.

दुसरी मात्रा जिथे असती तिथे कागदच नाही.

चौरी. असा शब्द आहे का, कोशात पाहिले. चौरी: चवरी पहा.

चौदा वळ्यांचा शिसवी दांडा. खरादावरचा. सुताराच्या हातचा. चौरीबद्दल पायरीस नाव दिल्हे.

दोन तास तसाच बसून होतो. भोंगा झाला तेव्हा उठलो.

आईला अजून सांगितले नाही. एकदा न तपासता बोललो, तेवढे पुरे झाले.

रवि. ९ डिसें.

एकटाच गेलो. चाकणला मुनशीचाचा म्हणून आहेत, खेडच्या कचेरीत नकलनवीस होते, आता पेठेत मुलाच्या दुकानी बसून लोकांचे अर्ज लिहून देतात. ऐंशीच्या घरातले. ट्रेसिंग डोळ्याजवळ नेऊन एका दमात वाचले, बोट न ठेवता. "रामा सुतार यासी चौरीबद्दल पायरीस नाव दिल्हे. बरं, मग?"

मी म्हटले, मात्रा एकच आहे.

"दुसरी किड्यानं खाल्ली असंल."

खाल्ली, की नव्हतीच?

"ते किड्याला इचारा मिस्तरी." मग माझे तोंड पाहून म्हणाले, "बसा. चा घ्या. हा कागद मठाचा का चावडीचा?"

मठाचा.

"मठात चौरी असती. चोरी चावडीच्या कागदात सापडायची. अक्षर वाचायच्या आदी कागद कुनाचा ते बघायचं. तुमी सगळं बघितलं, तेवढं सोडून."

म्हणजे खात्रीने चौरी?

"पन्नास वरसं नकला केल्या. खात्री मागितली तर माझा सगळाच जलम फुकट जाईल. मी चौरी वाचतो. तुमी तुमचं बघा."

तिथून मठात. बुवांनी दप्तर काढून दिले. मूळ कागद उन्हाला धरला, भिंगातून पाहिला. भोकाच्या वरच्या कडेला काळा ठिपका आहे. शाईचे टोक असेल. किडीची घाणही असेल. त्याच कागदावर 'चौथरा' हा शब्द आहे, त्यातल्या दोन मात्रा एकमेकींपासून पाऊण सुतावर. भोक एक सुताचे. म्हणजे दुसरी मात्रा असती तर त्यात पुरती बसून नाहीशी झाली असती. नसती, तरी भोक असेच दिसले असते.

'दिल्हे' या शब्दाचाही विचार केला. मान देतात, शिक्षाही देतात.

बुवा म्हणाले, "मी त्या दिवशी तेच सांगत होतो."

उतरताना तिसऱ्या पायरीशी थांबलो. लहानपणापासूनची सवय, पाय आपोआप उचलला गेला. मग मध्येच कळेना तो टाकायचा कुठे. गाडीवान खालून बघत होता. कडेच्या मातीतून उतरलो.

सोम. १० डिसें.

रजा घेतली. सकाळी आईजवळ बसून सगळे सांगितले. रेघ, मात्रा, भोक, मुनशीचाचा, दांडा. ट्रेसिंग दाखवले. शेवटी म्हटले, आई, ते चोरी नाही. चौरी आहे. आपल्या माणसाने स्वामींना चवरी करून दिली, म्हणून पायरीवर नाव.

पूर्ण ऐकले तिने. मग माझ्या हातावर हात ठेवला. पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

"नारू, तू ल्हान हुतास तवापासून तुला खोटं बोलाया येत न्हाई. येकदा खोबऱ्याची वाटी खाल्लीस आन मी न इचारता सांगितलंस, किती चावं घेतलं ते बी. आन आज माझ्यासाटी बोलाया लागलास."

मी म्हटले, आई, खोटे नाही.

"तवा म्हनलास सोच्छ हाय. चोरीच, म्हनलास. बुवा न्हाई म्हनत हुता तरी म्हनलास." थांबून म्हणाली, "डाक्टरनं काय सांगितलं रं? लई थोडं ऱ्हायलंय का माझं?"

बुध. १२ डिसें.

आयुष्यभर एक सूत इकडे तिकडे होऊ दिले नाही. त्याचा मला आज उपयोग असा, की मी खरे बोललो तर ते आईला तिच्या मरणाची खूण वाटते.

शुक्र. १४ डिसें.

बुवांना सोमवारीच पत्र टाकले होते, तुम्ही आईला दोन ओळी लिहा म्हणून. कार्ड आले. 'चौरीच असावे असे माझेही मत आहे.' सौ.ने वाचून दाखवले. आई म्हणाली, "त्येला बी सांगितलं व्हय लिवाया."

दत्तूलाही गाठून सगळे समजावले होते. तो आज आला, तिला म्हणाला, "आये, दादाचं खरं हाय, चौरीच हाय." ती म्हणाली, "दोघं येक झालासा. बरं झालं. माझ्यामागं असंच ऱ्हावा." बाहेर येऊन दत्तूने पडवीच्या खांबाला डोके टेकले.

मला म्हणाला, "दादा, खरं सांग. चौरी हाय का?"

मी म्हटले, भोक आहे.

तो तसाच गेला.

रवि. १६ डिसें.

सूज मांडीपर्यंत. खळगा भरायला दोन मिनिटे दहा सेकंद. डॉक्टर आले. या वेळी त्यांनीच विचारले, किती वेळ लागतो.

गुरु. २० डिसें.

कमळी आजीचे केस विंचरत होती. मी फळीवर रंधा मारत होतो. काही करायचे म्हणून. कशाची फळी तेही ठरवले नव्हते. कमळी म्हणाली, "आजी, माझं लग्न ठरलं की मी पायरीला जाऊ का? जाऊन ओलांडू, की पाय देऊ?"

रंधा थांबला.

आई म्हणाली, "बापाला इचार. त्यो वाचतो."

टोमणा नव्हता. ती मला कधी टोमणे मारत नाही. तिला खरोखर तसे वाटते. चाळीस वर्षे तिने सांगितले आणि आम्ही ऐकले. आता सांगायचे माझ्याकडे आले आहे.

कमळी माझ्याकडे वळून थांबली. मी तिला म्हटले, कंगवा नीट धर, आजीला ओढ बसते.

शनि. २२ डिसें.

मुनशीचाचांनी कोणाच्या तरी हाती चिठ्ठी पाठवली. 'मिस्तरी, तुमच्या आईसाहेबांची तब्येत कळवावी. कागदाचा विचार पुरे.' अक्षर मोत्यासारखे. चिठ्ठी मोडीतच आहे, एका दमात वाचली. बोट ठेवले नाही, हे वाचून झाल्यावर ध्यानात आले. मजकूर कळला तो आधी त्यांचा स्वभाव माहीत होता म्हणून. तीन वर्षे मी अक्षरे शिकलो, वाचायला शिकलो नाही.

रवि. २३ डिसें.

आई आज संध्याकाळी साडेपाचला उठून भिंतीला टेकून बसली. संत्र्याच्या दोन फोडी खाल्ल्या. सौ.ला वाटले उतार पडला. आईने मला हाक मारली.

"त्यो कागूद आन."

आणला.

"जसा तवा वाचलास तसा वाच. बोट ठिवून. येकेक अक्षर. मधी काय समजावू नगंस मला, मात्रा नगं, किडा नगं. नुस्तं वाच. मी तुझ्या त्वांडाकडं बगते. तुझ्या त्वांडावर मला कळतं. आजवर कळत आलंय."

कागद घेतला. खिडकीतले ऊन उतरले होते, खोलीत अंधारून आले होते. सौ. कंदील आणायला वळली तर आई म्हणाली, "कंदिलाच्या उजेडात मान्साचं त्वांड येगळंच दिसतंय. सकाळी वाच, नारू. उनात. हितंच बसते मी." मग आडवी झाली आणि लगेच झोप लागली. तोंड थोडे उघडे. बऱ्याच दिवसांनी कण्हली नाही.

उद्याच्या रजेचा अर्ज शेजारच्याकडे देऊन ठेवला. कारण लिहायचे होते. 'घरगुती' लिहिले.

ट्रेसिंग फळीला चार टाचण्यांनी ताणून लावले आहे, सकाळी हलू नये म्हणून. एकेक शब्द पुटपुटून पाहिला. रामा. सुतार. यासी. इथपर्यंत काही नाही. मग 'च'.

मुनशीचाचांसारखे वाचायचे तर चौरी. मूळ कागदावर जेवढे उरले आहे तेवढेच वाचायचे तर चोरी. चौरी म्हणताना मनात जरा जरी आले की भोक आहे, तर ते तोंडावर येईल. चोरी म्हटले तर तिला पटेल.

दाढीचा आरसा खिडकीत टेकवून, उरल्या उजेडात, दोन्ही शब्द हळू म्हणून पाहिले. पट्टी लावली. 'चो'ला ओठ जेवढे उघडतात, त्याहून 'चौ'ला दीड सूत जास्त.

आईला तेवढे दिसते.